फड संपायच्या आत

ऊसतोड कुटुंबावर थरारपट करायचा ठरला की आधी गोष्टीतला पैसा कागदावर मांडावा. निर्मितीचा नंतर. आमच्या पटकथेत सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातलं एक जोडपं आहे, १३ वर्षांचा मुलगा आहे आणि ६ वर्षांची मुलगी. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून त्यांनी एक लाख रुपये उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली आहे आणि वाळवा तालुक्यातल्या फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, त्यांचा कोयता लागला आहे. हंगाम ऐन भरात असताना नवरा भरत्या ट्रॉलीवरून पडतो आणि कोपीत, म्हणजे झोपडीत, अंथरूण धरतो. कोयता म्हणजे जोडीने ऊस तोडणारी दोन माणसं. एक कमी झालं की मुकादम बदली माणूस तरी मागणार, नाहीतर उरलेली उचल. नवरा पडल्याचं बाई मुकादमापासून लपवते आणि बापाची कानटोपी, मफलर घालून पोरगा पहाटेच्या अंधारात सरीत उभा राहतो. टोळीतल्या बाकीच्या नऊ कोयत्यांना सगळं ठाऊक आहे. त्यातलं कोण तोंड उघडणार, एवढाच काय तो थरार.

तो दीड तास टिकायचा तर आकडे बिनचूक हवेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली. पटकथेत आम्ही टनाला ३६६ रुपये धरले. एक धडधाकट कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोन टन धरले तरी दिवसाचे ७३२ रुपये. एक लाख फिटायला १३७ दिवस लागतात, आणि हंगाम चालतो चार-साडेचार महिने. त्यात आठवड्याची खर्ची मुकादम देतो ती पुन्हा उचलीतच चढते. हजार रुपये आठवड्याला धरले आणि वीस आठवडे झाले की देणं १,२०,००० वर गेलं आणि दिवस झाले १६४. म्हणजे माणूस न पडतासुद्धा हे घर पुढच्या हंगामाला बांधलेलंच आहे. वर खाडा झाला की दंड. हा हिशोब लिहून समोर ठेवला तेव्हा निम्मे प्रसंग आपोआप गळाले. मारामारी गेली, पाठलाग गेला. मुकादम संध्याकाळी वही उघडतो आणि आजच्या खेपा विचारतो, हा प्रसंग मात्र तीनदा आला आणि तिन्ही वेळा तो जास्त जड होत गेला.

मुकादमाला मिशा पिळणारा खलनायक करायचा मोह आवरावा. सांगली-सातारा भागात कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार बहुतेक वेळा स्थानिक ट्रॅक्टरमालक करतो, तो उचल घेऊन मुकादमाला देतो आणि मुकादम टोळीला. टोळी आलीच नाही किंवा अर्ध्यातून पळाली तर ट्रॅक्टरमालकाचे लाखो रुपये बुडतात. अशा तक्रारी इथल्या पोलीस ठाण्यांना नव्या नाहीत. त्यामुळे मुकादमाच्या मानेवरही कुणाचा तरी हात आहे. आमच्या मुकादमाला एक फोन वारंवार येतो आणि तो प्रत्येक वेळी बांधावर लांब जाऊन बोलतो. पलीकडचं बोलणं ऐकवलेलं नाही, तरी तो परत येतो तेव्हा त्याच्याबद्दल भीती वाढते आणि थोडी कीवही येते.

परवानग्यांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र, पोलीस ठाण्याला वेळापत्रकासह अर्ज, शेतमालकाची लेखी संमती, कारखान्याच्या गट ऑफिसला पत्र. वजनाचा काटा आणि ऊस ओतायच्या गव्हाणीचं आवार हवं असेल तर कार्यकारी संचालकांची वेगळी परवानगी, आणि तिथे पहिला प्रश्न असतो ‘आमच्या कारखान्याचं नाव दिसणार का?’. नाव झाकू असं लेखी द्यावं. वाई-मेणवलीकडे हिंदी चित्रपटांची चित्रीकरणं वर्षानुवर्षं होत आली आहेत, तिथल्या माणसांना कॉलशीट, भाडं, जेवणावळ सगळं पाठ असतं. वाळवा, पलूस, कडेगावकडे तसं नाही. तिथे सरपंचापेक्षा चिटबॉयशी, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाशी, ओळख काढणं जास्त उपयोगी. कुठल्या गटातला ऊस कधी तुटणार, टोळी कुठे हलणार, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आता खरी अडचण. आमचं लोकेशन रोज तुटून कारखान्याला जात होतं. एकरी ४० टन उतारा धरा. दहा कोयत्यांची टोळी दिवसाला १५ ते २० टन पाडते. म्हणजे एक एकराचं शेत दोन-अडीच दिवसांत सपाट. सकाळी ज्या उसाच्या भिंतीसमोर संवाद सुरू केला ती भिंत दुपारी पाठीमागे सरकलेली असते आणि संध्याकाळी तिथे वाळक्या पाल्याचं पाचट आणि बुडखे. क्लोजअप उद्या घेऊ म्हणणारा दिग्दर्शक इथे टिकत नाही.

त्यावर दोन उपाय केले. एक, फडातले प्रसंग गोष्टीच्या क्रमानेच घ्यायचे. उभा ऊस, अर्धा तुटलेला, मग मोकळं रान, असा पडद्यावरचा क्रम आणि तोडणीचा क्रम जुळवून घेतला. दुसरा, बेण्यासाठी राखलेला प्लॉट. शेतकरी पुढच्या लागणीसाठी थोडा ऊस मागे ठेवतोच. असा १० गुंठ्यांचा तुकडा मालकाशी बोलून हंगामभर राखून घेतला. १० गुंठ्यांत साधारण १० टन ऊस. आम्ही जो मोडणार, तुडवणार, त्याची भरपाई टनाला तीन-साडेतीन हजारांच्या हिशोबाने आधी ठरवून घेतली. बेण्याचे डोळे मोडले तर शेतकऱ्याचं नुकसान वजनापेक्षा जास्त असतं, म्हणून कडेच्या चार सऱ्याच चित्रीकरणाला आणि आतला ऊस नुसता पार्श्वभूमीला. फक्त वयाकडे लक्ष द्या: बेण्याचा ऊस ९-११ महिन्यांचा असतो, कांड्या फिकट आणि पाला हिरवा. तोडणीचा आडसाली, म्हणजे दीडेक वर्षाने तुटणारा, ऊस त्याहून जुना आणि खालून पाचटाने भरलेला दिसतो. दोन्हींचे शॉट लागोपाठ आले तर ऊस पाहत वाढलेला प्रेक्षक लगेच बोट ठेवणार. तोडलेल्या फडातलं वाळकं पाचट आणून बेण्याच्या बुडाशी पसरलं की निम्मा फरक झाकतो.

जात निवडतानाही हेच. को ८६०३२ बऱ्यापैकी ताठ उभा राहतो, कॅमेऱ्याला वाट मिळते. जोरात वाढलेला आडसाली ऊस १० फुटांवर जातो खरा, पण लोळतो. त्यातून माणूस वाकून जातो, कॅमेरा जात नाही. खोडवा, म्हणजे तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, बुटका, त्यात मोठा माणूस लपत नाही. पोरगा मात्र लपतो, आणि ते आम्ही वापरलं.

टोळीला थांबवून फुकट चित्रीकरण होत नाही. तुम्ही तासभर हलू नका म्हणालात की त्यांचा टनेज बुडतो, आणि ट्रॅक्टर उभा राहिला की मालक ओरडतो. आम्ही कोयत्यामागे दोन टनांची पूर्ण मजुरी सकाळीच रोख दिली, मग त्यांनी कितीही तोडो. वाढ्यांचं लक्षात ठेवावं लागतं. उसाचे शेंडे बांधून संध्याकाळी गावात जनावरवाल्यांना विकायचे आणि त्यावर मीठ-मिरची आणायची, ही बायांची हातखर्चाची वाट. चित्रीकरणाने संध्याकाळ खाल्ली तर ती बुडते, म्हणून वाढ्यांचे पैसे वेगळे आणि ते बाईच्याच हातात. मजुरी मुकादमामार्फत द्यावी असा सल्ला गावात सगळे देतात. मुकादमाला कळवावं जरूर, पैसे मात्र कोयत्याला समोर मोजून द्यावेत, नाहीतर ते वहीत जमा होतात.

सरीत कॅमेरा चालवण्याबद्दल. दोन सऱ्यांतलं अंतर साडेतीन-चार फूट असेल तर गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं मोटरचं यंत्र) विसरा. पानं मोटरला अडकतात आणि चांगला चाललेला शॉट मध्येच झटका खातो. छोटी बॉडी, ३५ मिलिमीटर लेन्स आणि कोपरं बरगडीला टेकवून हातातला कॅमेरा, एवढंच चालतं. ऑटोफोकस बंद. डोळा शोधणारी प्रणालीसुद्धा पुढे हलणाऱ्या पानावर उडी मारते. पाच-सहा फुटांवर फोकस बांधून माणसाने पुढे-मागे व्हायचं. पाचटाची कूस अंगात शिरली की रात्रभर खाज सुटते, तेव्हा पूर्ण बाह्या, मानेला पंचा आणि लेन्स बदलायची ती बांधावर येऊन, पिशवीच्या आत. पानाची कड ब्लेडसारखी कापते. नटांच्या गालावर, मनगटावर असे ओरखडे उठतात. ते झाकू नयेत, फक्त कुठल्या दिवशी कुठे उठले ते कंटिन्युइटीच्या वहीत फोटोसह नोंदवावं.

साप असतातच. आधी टोळीच्या बायांना विचारा, कुठल्या बांधाला दिसतात ते त्या सांगतात. गमबूट सगळ्यांना. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे फोनवर न विचारता जाऊन बघावं, आणि १०८ ची गाडी शेतापर्यंत येते का ते रस्त्यावरून एकदा फिरून. कराड, शिराळा, वाळव्याकडच्या उसात बिबट्याची मादी पिलं घालते. पिलं दिसली तर हात लावायचा नाही, त्या दिवशीचं काम तिथून हलवायचं, वन विभागाला कळवायचं. बायामाणसांनी एकटं आडोशाला जायचं नाही, हा नियम शूटिंगच्या पहिल्या सकाळी मोठ्याने सांगावा. लाजेने कुणी बोलत नाही आणि धोका तिथेच असतो. खरंतर फिरतं शौचालय भाड्याने आणणं हाच यावर तोडगा आहे. कमी बजेटमध्ये तेच आधी कापलं जातं, आणि ते कापू नये.

ड्रोन मुद्दाम वापरला नाही. वरून पाहिलं की डांबरी रस्ता, द्राक्षाच्या बागा, स्लॅबची घरं सगळं दोन मिनिटांच्या अंतरावर दिसतं आणि अडकल्याची भावना खलास होते. जमिनीवरून मात्र दहा फुटी उसात पुढचं काहीच दिसत नाही. हा डोळ्याच्या उंचीचा अडथळा फुकट मिळतो, तो कशाला घालवायचा?

रात्र आणि पहाट यांत सगळ्यात जास्त डोकं लागलं, कारण पोरगा. चौदाच्या आतल्या मुलाला कलाकार म्हणून घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि मिळकतीतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. शाळा बुडणार नाही याची व्यवस्था लेखी लागते. किशोरवयीन कामगारांना कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामाला बंदी आहे. मग त्याहून लहान पोराला पहाटे साडेपाचला थंडीत उभं करणार कसं? आणि गोष्ट तर सगळी पहाटेची.

तेव्हा पोराची पहाट संध्याकाळी घेतली. डिसेंबरच्या मध्याला सांगलीकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाशात निळा उजेड राहतो. पश्चिमेचं आकाश पूर्व म्हणून खपतं. फक्त संध्याकाळी दव नसतं आणि धूळ वर असते. दवासाठी १६ लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप घेतला. तो नवा कोरा घ्या. शेतकऱ्याचा वापरातला पंप कितीही धुतला तरी त्यात तणनाशक, कीटकनाशक राहतं आणि तुम्ही ते पोराच्या तोंडावर उडवणार. बारीक नोझलने पानांवर दोन हात मारले की निळ्या उजेडात पानांच्या कडा चमकतात. पोराच्या पाठमोऱ्या आणि लांबच्या शॉटना गावातला एक सडपातळ, प्रौढ माणूस त्याच कानटोपीत उभा केला आणि तो खरा पहाटे घेतला, कृष्णाकाठच्या धुक्यासकट. दोन्ही एकत्र कापताना आवाजाने मदत होते: पहाटेचे कोंबडे आणि बोअरचा आवाज संध्याकाळच्या चित्रावर टाकला की कुणी शंका घेत नाही.

खऱ्या रात्री पौर्णिमेवर विसंबू नये. आयएसओ १२,८०० आणि एफ १.४ वर चांदण्यात रान दिसतं, चेहरा मात्र दोनेक स्टॉप कमीच पडतो. ३०० वॅटचा एक एलईडी उसाच्या मागून, उसापेक्षा उंच. रिकाम्या ट्रॉलीत स्टँड लावला की १५ फूट उंची सहज मिळते. समोरून उजेड मारला तर पानांची हिरवी भिंत सपाट दिसते, मागून मारला तर पानाची पांढरी शीर उजळते आणि माणूस काळा उरतो. मुकादम कोण आणि पोरगा कोण हे कळायला सावलीची उंची पुरते. स्टँड चढवण्याआधी वर बघा. शेतातून गेलेल्या विजेच्या तारा झोळ पडून खाली आलेल्या असतात आणि अंधारात दिसत नाहीत. गावातल्या दिव्यांखाली २४ फ्रेमला शटर १७२.८ अंशांवर ठेवावं, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग होतो आणि ५० हर्ट्‌झची फडफड येत नाही.

जतच्या घराचे प्रसंग ढालगावच्या बाजूला घ्यायचे असतील तर पवनचक्क्यांचे लाल दिवे रात्री लुकलुकतात. साताऱ्यात चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर तीच गत. पुसायला गेलं तर खर्च येतो. आम्ही ते फ्रेममध्ये राहू दिले.

कोपी पाचट, बांबू आणि ताडपत्रीची, आत जेमतेम ६ बाय ८ फूट. खऱ्या कोपीत नट, कॅमेरामन आणि माईक एकत्र मावत नाही. म्हणून टोळीतल्याच माणसाकडून एक कोपी बांधून घेतली आणि तिची मागची बाजू सुतळीच्या गाठींवर सुटी ठेवली. मजुरी देऊन त्यांच्याकडूनच बांधून घ्यावी. कलादिग्दर्शकाने बांधलेली कोपी गाठींवरून ओळखू येते. आत तीन दगडांची चूल, बापाचं अंथरूण, एक पत्र्याची पेटी, खुंटीला ताटल्यांची पिशवी. सामान कमी ठेवून गरिबी दिसत नाही. ऊसतोड कुटुंब पाच महिन्यांचा संसार घेऊन आलेलं असतं: बाजरीचं पोतं, चटणीची बरणी, पोरीचं दप्तर, मोबाईलचा चार्जर, देवाचा फोटो. गचपण हवं, रितेपण नको. चुलीच्या उजेडासाठी चुलीमागे दोन हजार केल्विनच्या आसपासचा छोटा एलईडी डिमरवर, आणि खरा जाळ नावापुरता. पाचटाच्या कोपीत आग लागायला ठिणगी पुरते. पाण्याच्या दोन घागरी आणि ओलं पोतं दाराशी, अग्निशामक नळकांडं फ्रेमबाहेर हाताच्या अंतरावर. धूर खराच घ्यावा लागतो, मशीनचा धूर फार स्वच्छ दिसतो, पण टेक दोन-तीन मिनिटांचे ठेवा.

आवाज. हा ऊसपट्ट्यातला सगळ्यात मोठा शत्रू. उसाच्या ट्रॅक्टरवर लावलेले भोंगे आणि त्यावरची गाणी दीड किलोमीटरवरून ऐकू येतात, आणि मागे ऐकू येणारं ते गाणं कुणाच्या तरी हक्काचं असतं. संवादात ते मिसळलं की टेक फुकट. ड्रायव्हरला हात करून थांबवण्यात अर्थ नाही. गटातल्या सगळ्या ट्रॅक्टरमालकांना आदल्या रात्री भेटून ठरावीक वळणापासून आवाज बंद, असं बोलून घ्यावं. बरेचजण ऐकतात. दुसरं, थ्री फेज. शेतीची वीज पाळीने येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही रात्री. आली की चहूबाजूंच्या मोटारी एकदम सुरू. वायरमनकडून फिडरचं वेळापत्रक घेऊन त्यावर संवादाचे प्रसंग बसवले. तिसरं, वारा. अकरानंतर ऊस सळसळायला लागतो आणि कुजबुज ऐकू येत नाही. कुजबुज तर आमच्या चित्रपटात भरपूर. ती सगळी सकाळी आठ ते दहा.

जतच्या घरावर पत्रा. ऊन चढताना आणि उतरताना पत्रा ‘टक्‌ टक्‌’ वाजतो, सकाळी नऊच्या पुढे आणि संध्याकाळी पाच-सहाला जास्त. दुपारी तो गप्प असतो, पण खोलीत भट्टी. भिंतींवर आणि डोक्यावर घोंगड्या ताणल्या की घुमणारा आवाज बसतो. माणदेशातली जाड घोंगडी या कामात भाड्याच्या ब्लँकेटपेक्षा सरस. आवाजासाठी नायिकेला सुती लुगडं बरं. पॉलिस्टरची साडी कॉलर माईकवर सतत चुरचुरते, आणि ऊसतोडीच्या बाया खरंतर पॉलिस्टरच नेसतात, लवकर वाळते म्हणून. इथे वास्तवाशी तडजोड केली: वरून पॉलिस्टर, माईक आत सुती पोलक्याला टाचलेला. वरून नवऱ्याचा जुना शर्ट आहेच, तोडणीच्या बाया घालतात तसा.

हात. या विषयात प्रेक्षक चेहऱ्याआधी हात तपासतो. ऊस तोडणाऱ्याच्या बोटांच्या पेरांत काळं बसलेलं असतं, उसाचा रस आणि धूळ मिळून. ते करायला गुळाचं पाणी लावू नये. मुंग्या आणि माश्या येतात, नट हात झटकत राहतो. काजळी आणि ग्लिसरीन थोडं कोमट करून पेरांत चोळायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, उरेल ते खरं दिसतं. कोयते तीन प्रकारचे: धार घासून बोथट केलेला लोखंडी, नटांसाठी; त्याच आकाराचा रबरी, झटापट आणि पडण्यासाठी; आणि धारेचा खरा, जो फक्त टोळीतल्या माणसाच्या हातात. तिघांच्या मुठीला एकाच रंगाची चिंधी बांधा. बुडाशी वाकून तोड, पाला सोलणं, शेंडा उडवणं, हे खऱ्या बाईच्या हातांचे जवळचे शॉट. ते नायिकेच्या चेहऱ्याला जोडताना बांगड्या त्याच, मनगटावरचं गोंदण तेच. मोळी ३०-४० किलोची असते. नायिकेच्या डोक्यावर बाहेरून ऊस आणि आत थर्माकोल अशी दहा किलोची दिली, तर ती ट्रॉलीला लावलेल्या फळीवर फार हलकी चढते. मान बसल्याशिवाय चाल खरी वाटत नाही, म्हणून वजन टप्प्याटप्प्याने वीस किलोपर्यंत नेलं, फळीखाली गाद्या टाकून.

मुकादमाच्या तोंडात तंबाखू असणार हे उघड आहे. पण पडद्यावर तंबाखू आली की सुरुवातीला आणि मध्ये ३० सेकंदांची आरोग्यसूचना, २० सेकंदांचं निवेदन, आणि तंबाखू दिसते तेवढा वेळ खाली इशाऱ्याची ओळ. सगळ्यात अंधाऱ्या प्रसंगात पांढरी पट्टी लखलखली की संपलं. मुकादमाच्या हाती अडकित्ता आणि सुपारी दिली. वही मांडीवर, आकडा विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत सुपारी कातरायची. हा आवाज पार्श्वसंगीताची जागा भरून काढतो. टोळीच्या बाया दाताला मिश्री लावतात, तीही तंबाखूच, ती पण गाळली. जनावरांचे शॉट असतील तर पशुकल्याण मंडळाची परवानगी आधी. सेन्सॉरच्या वेळी धावाधाव करून मिळत नाही.

पेटता फड हवा होता. चित्रपटासाठी ऊस पेटवू नये. जळका ऊस लगेच गाळपाला गेला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतं, कारखाना कपात करतो आणि वारा फिरला तर शेजारचं रान जातं. तोडणी उरकायला शेतकरी-टोळी मिळून स्वतःहून पेटवतात, तशी खबर चिटबॉयकडून मिळते. दोन कॅमेरे स्टँडवर बांधून, वारा ज्या बाजूने येतो तिकडे, शंभर फुटांच्या बाहेर. एकराचा फड काही मिनिटांत पेटून जातो, दुसरा टेक नाही. नट आगीजवळ नाहीत. ते दुसऱ्या दिवशी काळ्या उभ्या उसात घेतले, तेव्हा कपड्यांवर काजळी आपोआप लागते. त्या दिवसाचे कपडे मात्र धुवायचे नाहीत, पिशवीत बंद.

कलाकारांपैकी निम्मे सांगलीच्या हौशी रंगभूमीवरचे, निम्मे गावातले. १८४३ मध्ये विष्णुदास भावेंनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासूनची सवय म्हणा, इथला नट शेवटच्या रांगेपर्यंत बोलतो. त्याला चार फुटांवरच्या माणसाशी बोलायला लावणं हे तालमीतलं मुख्य काम. कोपीत बसून, दिवा मालवून वाचन घेतलं की आवाज आपोआप खाली येतो. बोलीत गल्लत होते ती अशी: मुकादम बीडचा, ट्रॅक्टरमालक वाळव्याचा, कुटुंब जतच्या पूर्व भागातलं. तिघं एकसारखे बोलले तर कोण कुणापासून किती लांबून आलंय ते कळत नाही. संख-उमदीकडचं माणूस आपसांत कानडी बोलतं. नवरा-बायकोचं गुपित आम्ही कानडीत ठेवलं, मुकादमाला ते समजत नाही.

रोजचा डेटा: २४० मेगाबिटवर तासाला १०८ जीबी. दोन प्रती गाडी निघायच्या आत, तिसरी मुक्कामी. कार्ड तिसऱ्या प्रतीनंतरच पुसायचं. पाचटाची धूळ ड्राइव्हच्या पोर्टमध्ये जाते, झाकणं हरवू नयेत.

टोळी मार्च-एप्रिलला गावी निघून जाते. राहिलेले हातांचे शॉट, कोपीची आतली बाजू, ट्रॉलीची लांब रांग, हे त्याआधी संकलनाचा कच्चा जोड लावून तपासावं. राहिलं तर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर पोराचा आवाज फुटतो, उंची वाढते. संकलक त्यामुळे सांगलीतच बसवला होता, पुण्याला नाही.

रंगछटा ठरवताना स्टुडिओच्या मॉनिटरवर भरवसा नको. पडद्याचा उजेड प्रमाणानुसार १४ फूट-लॅम्बर्ट असायला हवा. तालुक्याच्या चित्रपटगृहातला जुना दिवा त्याहून बराच कमी देतो, आणि कोपीतला बाप दिसतच नाही. डीसीपीची, म्हणजे चित्रपटगृहात चालणाऱ्या डिजिटल प्रतीची, दहा मिनिटांची चाचणी प्रत काढून साध्या पडद्यावर पाहावी आणि काळा थोडा वर उचलावा. प्रमाणपत्रासाठी २०२४ च्या नियमांत यूए ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आहेत. आम्ही १६+ धरूनच संकलन केलं. अर्जासोबत मुलांच्या कामाची जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांची परवानगी आणि कानडी संवादांचं मराठी भाषांतर जोडून ठेवलं की विचारणा येईपर्यंत वाट बघावी लागत नाही.